हलके, आखूड नळीचे रिव्हॉल्वर निवडताना: निर्भीक, प्रबल आणि कानपूरचे जुने बत्तीस बोअर

खेडा खरेदीच्या हंगामात, म्हणजे दसऱ्यापासून साधारण फाल्गुनापर्यंत, वर्धा, यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतील कापसाच्या व्यापाऱ्याला आजही रोख रक्कम जवळ बाळगून गावोगाव फिरावे लागते. बँकेतून पैसे वळते करण्याची सोय आता सर्वत्र झालेली असली, तरी वेचणीची मजुरी रोजच्या रोज चुकवायची असते आणि लहान शेतकऱ्याला त्याच संध्याकाळी हातात पैसे हवे असतात. हिंगणघाट तालुक्यातील आमच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या, कामासाठी मी हे फिरणे वर्षानुवर्षे करीत आलो आहे, आणि स्वसंरक्षणाच्या परवान्यावर रिव्हॉल्वर बाळगतो. परवाना हाती पडल्यानंतर नेमके कोणते शस्त्र घ्यावे, हा प्रश्न परिसरातील अनेक परवानाधारक मला विचारतात. त्यांच्यापैकी बहुतेकांची पहिली अपेक्षा एकच असते: हलके असावे, लहान असावे, आणि सदऱ्याखाली दिसू नये. ही अपेक्षा रास्त आहे. परंतु तिच्यापोटी काय सोडावे लागते, हे दुकानाच्या काउंटरवर कोणी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शस्त्र झाकून बाळगणे म्हणजे काहीतरी चोरटे करणे, अशी समजूत आपल्याकडे आहे आणि ती चुकीची आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्वर नेताना ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा त्यासारख्या पिशवीत असले पाहिजे, पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे, आणि ते बाळगणाऱ्याचा त्यावर सतत ताबा असला पाहिजे. कमरेला उघडे लटकवून बाजारात मिरवणे हाच नियमभंग आहे. यात्रा, मिरवणूक, सभा आणि शाळा-महाविद्यालयाचे आवार येथे ते नेण्यास परवान्याच्या अटींनीच मनाई केलेली आहे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे लहान, सहज झाकता येणारे रिव्हॉल्वर निवडणे ही कायद्याच्या चौकटीत राहण्याचीही सोय आहे.

आखूड नळीच्या रिव्हॉल्वरचा जगातला इतिहास बराच जुना आहे. कोल्ट कंपनीचे दोन इंची नळीचे, सहा खणांचे (म्हणजे सहा काडतुसे मावणारे) डिटेक्टिव्ह स्पेशल १९२७ साली आले. स्मिथ अँड वेसनने १९५० साली पाच खणांचे चीफ्स स्पेशल बाजारात आणले आणि आज ज्याला खिशातले रिव्हॉल्वर म्हणतात त्याचा आकार तिथून ठरला. पुढे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा सांगाडा आला आणि अशा रिव्हॉल्वरचे वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास उतरले. २००९ साली रुगर कंपनीने सांगाड्याच्या काही भागात पॉलिमर वापरून ते आणखी खाली आणले. या परदेशी नमुन्यांची छायाचित्रे मोबाइलवर पाहून अनेक जण दुकानात येतात. पण सामान्य परवानाधारकासाठी परदेशी शस्त्राची आयात ऐंशीच्या दशकापासून बंदच आहे. जी जुनी परदेशी रिव्हॉल्वरे हस्तांतरणाने मिळतात, त्यांची किंमत त्यांच्या गुणापेक्षा त्यांच्या दुर्मीळपणावर ठरते, आणि त्यांचा एखादा स्प्रिंग तुटला तर तो मिळवणे कठीण जाते. शिवाय बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा, प्रश्न असतो. आपल्या परवान्यावर मुक्त, म्हणजे प्रतिबंधित नसलेल्या, बोअरचेच शस्त्र चालते, आणि रिव्हॉल्वरच्या बाबतीत व्यवहारात त्याचा अर्थ .३२ बोअर, म्हणजे भारतात ७.६५ गुणिले २३ मिलिमीटर या मापाने ओळखले जाणारे काडतूस, असाच होतो. त्यामुळे आपली निवड देशात तयार होणाऱ्या मोजक्या नमुन्यांमध्येच करावी लागते, आणि माझ्या मते त्यात काही कमीपणा नाही.

यांतील मुख्य नमुने तीन आहेत. पहिले म्हणजे कानपूरचे नेहमीचे .३२ रिव्हॉल्वर, जे आपल्याकडील बहुतेक जुन्या परवानाधारकांच्या घरात आहे. त्याची रचना वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्वरवरून घेतलेली आहे: वरची कडी दाबली की नळी पुढे झुकते, सिलिंडर उघडा पडतो आणि सहाही पुंगळ्या, म्हणजे वापरलेल्या काडतुसांची रिकामी टरफले, एकदम वर उचलल्या जातात. नळी ७६ मिलिमीटर, म्हणजे तीन इंचांची, आणि वजन सातशे ग्रॅमच्या घरात. दुसरे म्हणजे निर्भीक. २०१४ च्या आरंभी आलेले हे रिव्हॉल्वर त्याच कुळातले आहे. मात्र त्यासाठी टिटॅनियमचा मिश्रधातू वापरून वजन पाचशे ग्रॅमपर्यंत उतरवले गेले. ते स्त्रियांसाठी म्हणून पुढे आणले होते आणि त्या वेळी त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. तिसरे प्रबल. आयुध निर्माणी मंडळाचे २०२१ मध्ये सात कंपन्यांत रूपांतर झाले, त्यांपैकी कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीने ते ऑगस्ट २०२३ मध्ये आणले. त्याचा सिलिंडर बाजूला उघडतो, नळी ७६ मिलिमीटरचीच आहे, एकूण लांबी सुमारे १७८ मिलिमीटर आणि काडतुसांविना वजन ६७५ ग्रॅम आहे. यांशिवाय इशापूरच्या कारखान्याचे निडर हे .२२ बोअरचे रिव्हॉल्वर आहे, ज्याचे वजन अवघे २५० ग्रॅम आहे. त्याबद्दल पुढे थोडक्यात सांगतो.

येथे जाणकार वाचक म्हणतील की तीन इंची नळीला खरे तर आखूड म्हणू नये, कारण परदेशात दोन इंचांच्या आसपासच्या नळीलाच ते नाव आहे. हे खरे आहे. तरीही आपल्याकडे घेता येण्याजोग्या .३२ बोअरमध्ये आकाराने सर्वांत लहान असा वर्ग हाच आहे, आणि या एका जादा इंचाचा तोटा कमरेला फारसा जाणवत नाही, उलट नेम धरताना फायदा होतो.

आता मुख्य मुद्दा, वजनाचा. रिव्हॉल्वर हलके झाले की तेच काडतूस हाताला जास्त धक्का देते. हे निसर्गाचे गणित आहे आणि त्यातून कोणताही कारखाना सूट देऊ शकत नाही. पुढे जाणाऱ्या गोळीचा संवेग जितका, तितकाच संवेग शस्त्राला मागे मिळतो. म्हणून सातशे ग्रॅमच्या जागी पाचशे ग्रॅमचे शस्त्र घेतले तर मागे येण्याचा वेग आणि धक्क्याची ऊर्जा, दोन्ही सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतात. ऐकायला हे बरेच वाटते. परंतु .३२ चे काडतूस मुळातच मवाळ आहे. त्याची गोळी साधारण सहा ग्रॅमहून थोडी जड, आणि वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या थोडा वर. परदेशातील सव्वाचारशे ग्रॅमच्या रिव्हॉल्वरमध्ये .३८ स्पेशलचे काडतूस मारले तर जो धक्का बसतो, त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी धक्का पाचशे ग्रॅमच्या .३२ मध्ये बसतो. म्हणजे हलकेपणाची जी किंमत परदेशी वापरणाऱ्याला तळहातावर मोजावी लागते, ती आपल्याला तितकी मोजावी लागत नाही. हलके रिव्हॉल्वर हातात उसळते म्हणून घेऊ नये, हा परदेशी सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हलक्या रिव्हॉल्वरची खरी अडचण वेगळी आहे, आणि ती चापात आहे. घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा भाग) मागे न ओढता नुसता चाप दाबून बार काढायचा असेल, तर त्या एका ओढीत बोटाला सिलिंडर फिरवावा लागतो, घोडा मागे न्यावा लागतो आणि शेवटी सोडावाही लागतो. अशा चापाला सहसा साडेचार-पाच किलोचा जोर लागतो. आता पाचशे ग्रॅमच्या वस्तूवर पाच किलोचा जोर लावायचा म्हटले, तर जोर वस्तूच्या वजनाच्या दहापट झाला. साहजिकच बोट चाप ओढण्याऐवजी सारे रिव्हॉल्वरच एका बाजूला ओढते. जड शस्त्र आपल्या वजनाने हा ओढा काही प्रमाणात गिळून घेते. हलके घेत नाही. उजव्या हाताने बार काढणाऱ्या नवख्या माणसाच्या गोळ्या डावीकडे खाली जातात, त्याचे कारण बहुधा धक्का नसून हेच असते.

यात आखूड नळी भर घालते. नळी आखूड असल्याने गोळी वाकडी जाते, हा समज खोटा आहे. नळीच्या टोकावरची माशी (नेम धरण्याचा उंचवटा) आणि मागची खाच यांच्यातले अंतर कमी होते आणि त्यामुळे आपली चूक मोठी होते, एवढेच घडते. हे अंतर १०० मिलिमीटर असेल आणि नेम धरताना माशी एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर गोळी दहा सेंटिमीटरने चुकते. तेच अंतर १५० मिलिमीटर असते तर चूक साडेसहा-सात सेंटिमीटरवर राहिली असती. स्वसंरक्षणाचा प्रसंग दहा मीटरच्याही अलीकडे, बहुतेक वेळा हाताच्या अंतरावर घडतो, म्हणून हा तोटा सोसण्यासारखा आहे. पण चापाची ओढ आणि हे अंतर, दोन्ही चुका एकमेकींत मिसळल्या की चार मीटरवरची गोळीही भलतीकडे जाऊ शकते, आणि भलतीकडे गेलेल्या गोळीची जबाबदारी परवानाधारकाचीच असते.

म्हणून दुकानात माझा आग्रह असतो की वजनकाट्यावरचा आकडा विचारण्याआधी बोटाची परीक्षा घ्यावी. विक्रेत्याकडून रिव्हॉल्वर रिकामे असल्याची खात्री स्वतःच्या डोळ्यांनी करून, डमी (दारू नसलेली) काडतुसे घालून आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवून चाप दाबून पाहावा. मूठ घट्ट धरली असता पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर मध्यभागी टेकला पाहिजे. केवळ बोटाचे टोक पोहोचत असेल, तर ते शस्त्र त्या हातासाठी नाही, मग ते कितीही हलके असो. चाप ओढताना माशी एकाच जागी राहते का, हे पाहावे. ती थरथरत असेल तर दुसरा नग मागावा. जिथे हाताने जोडणी आणि घासणी होते, तिथे एकाच नमुन्याच्या दोन नगांच्या चापात फरक असतो, आणि तुमच्या हक्काचे पैसे देऊन चांगला नग निवडून घेण्यात संकोच करण्याचे कारण नाही. चाप पूर्ण मागे ओढून धरल्यावर सिलिंडर हलता कामा नये. सहाही खणांवर ही परीक्षा करावी. झुकणाऱ्या नळीच्या रचनेत वरच्या कडीला थोडीही ढिलाई नसावी, कारण साऱ्या बाराचा ताण तिच्यावरच येतो. आणि विक्रेत्याला हेही विचारावे की घोडा आणि काडतूस यांच्यात आडकाठी येणारी सुरक्षा या नमुन्यात आहे की नाही. ती नसेल किंवा त्याला सांगता येत नसेल, तर घोड्याखालचा खण रिकामा ठेवून पाचच काडतुसे भरण्याची जुनी पद्धत पाळावी.

आमच्या वहिनी पेट्रोल पंपाचा हिशेब पाहतात आणि रात्रीची रक्कम त्यांच्याच ताब्यात असते. त्यांच्यासाठी शस्त्र निवडताना घरातील सर्वांनी निर्भीक असेच गृहीत धरले होते, कारण ते स्त्रियांसाठी म्हणून काढलेले. प्रत्यक्षात निर्णय मुठीवर झाला. लहान हाताला लहान मूठ सोयीची, असे वाटते. पण मूठ फार लहान असली की करंगळी खाली लोंबकळते आणि पकडीतला चौथा हिस्सा जातो. वहिनींच्या हाताला निर्भीकची मूठ बसली, आणि त्यांचे बोट चापावर नीट पोहोचले, म्हणून ते घेतले. बोट पोहोचले नसते तर नाव आणि वजन पाहून ते घेणे चुकीचे ठरले असते. त्या ते पर्समध्ये सुट्या वस्तूंबरोबर ठेवत नाहीत, हे मुद्दाम सांगतो. किल्ल्या, नाणी आणि पेन यांच्यासोबत चाप उघडा असलेले रिव्हॉल्वर ठेवणे अतिशय धोक्याचे आहे. त्याला स्वतंत्र कप्पा आणि चाप पूर्ण झाकणारे म्यान हवेच.

झाकून बाळगण्याच्या दृष्टीने आपल्या भागातील अडचणी परदेशी पुस्तकांत नसतात. वैशाखात पारा ४५ अंशांपुढे जातो, अंगावर पातळ सुती सदरा असतो, आणि जाकीट घालण्याची सोय नसते. अशा कपड्यांत सातशे ग्रॅमची वस्तू पट्ट्याला लावली की पट्टा एका बाजूला खाली ओढला जातो आणि दुरूनही कळते. पाचशे ग्रॅमचे तितके ओढत नाही. निर्भीकचा सर्वांत मोठा फायदा मला येथे दिसतो. पायजमा वापरणाऱ्यांना नाडीवर कोणतेच होल्स्टर टिकत नाही. त्यांनी पायजम्याखाली वेगळा रुंद पट्टा बांधावा किंवा विजार वापरावी. पायाच्या घोट्याला बांधायचे होल्स्टर शेतात आणि चपलेवर निरुपयोगी आहे. मोटारसायकलवर बसल्यावर पोटाच्या पुढे लावलेले शस्त्र मांडीत रुतते आणि नळी स्वतःच्याच अंगाकडे वळते, म्हणून उजव्या हाताने शस्त्र चालवणाऱ्याने ते उजव्या कुल्ह्याच्या किंचित मागे लावावे. चामड्याचे होल्स्टर घामाने ओले होऊन मऊ पडते. एका दुकानातून घेतलेले माझे पहिले होल्स्टर एका पावसाळ्यात इतके सैल झाले की रिव्हॉल्वर आत हलू लागले, आणि ते मी ताबडतोब टाकून दिले. जाड चामडे, दुहेरी शिवण, वरून अडकवायची पट्टी आणि चाप संपूर्ण झाकला जाईल असा काप, या चार गोष्टी पाहिल्याशिवाय होल्स्टर घेऊ नये.

घाम आणि रुई यांचा त्रास वेगळाच. जिनिंगमध्ये काम करणाऱ्याच्या प्रत्येक खिशात रुईचे तंतू साचतात, आणि ते घोड्याच्या फटीत व चापाच्या मागे जाऊन बसतात. तेल जास्त लावले असेल तर त्याच तेलात तंतू आणि धूळ मळून चिकट थर तयार होतो. म्हणून हंगामात आठवड्यातून एकदा रिव्हॉल्वर रिकामे करून मऊ ब्रशने साफ करावे आणि तेलाचा फक्त पुसट हात द्यावा. मिश्रधातूला गंज धरत नसला, तरी शस्त्रातल्या पोलादी भागांना धरतो, आणि पावसाळ्यात तो एका रात्रीत दिसू लागतो. काडतुसांना तेलाचा स्पर्श होऊ देऊ नये, कारण ते टोपीतून (काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, दारू पेटवणाऱ्या टिकलीतून) आत झिरपले तर बार फुसका जातो. अंगावर वर्षभर बाळगलेली काडतुसे पुढच्या वर्षी सरावात संपवावीत आणि नवी भरावीत; परवान्यावर लिहिलेल्या संख्येत हे सहज बसते.

भरण्याच्या बाबतीत प्रबल उजवे आहे. बाजूला उघडणारा सिलिंडर एका हाताच्या अंगठ्याने बाहेर ढकलता येतो, नळी आणि सांगाडा एकसंध राहतात, आणि वरच्या कडीची झीज हा प्रश्नच उरत नाही. झुकणाऱ्या नळीत पुंगळ्या एकदम बाहेर पडतात हे खरे, पण रिव्हॉल्वर उघडताना नळी कुणीकडे वळते याचे भान सतत ठेवावे लागते. रचना म्हणून मला प्रबल अधिक आवडते, आणि पुढची अनेक वर्षे वापरायचे म्हणून घेणाऱ्याला मी तेच सुचवीन. कंपनीने त्याचा पल्ला ५० मीटर सांगितला आहे; तो आकडा तीन इंची नळीच्या रिव्हॉल्वरच्या स्वसंरक्षणातील उपयोगाशी जोडून पाहू नये. त्याचे वजन मात्र जुन्या रिव्हॉल्वरच्याच जवळ जाते. उन्हाळ्यात रोज अंगावर बाळगणाऱ्याने हा विचार करावा.

निडरबद्दल: २५० ग्रॅम हा आकडा मोह घालतो. पण .२२ बोअरच्या कडेवर आघात होणाऱ्या काडतुसात बार न उडण्याचे प्रमाण मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसापेक्षा जास्त असते, आणि इतक्या हलक्या शस्त्रावर चापाची ओढ सांभाळणे अनुभवी हातालाही जड जाते. माझ्या निवडीत ते बसत नाही.

चंद्रपूर, गडचिरोली आणि मेळघाटाकडील परवानाधारक वेगळाच प्रश्न विचारतात: मोहफुले वेचायला किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात जाताना अस्वल किंवा वाघ समोर आला तर हे चालेल काय? उत्तर ठामपणे नाही असे आहे. .३२ ची गोळी अस्वलाच्या जाड केसाळ अंगात त्याला थांबवण्याइतकी जखम करीत नाही, आणि जखमी अस्वल अधिक चवताळते. स्वतःचा जीव वाचवताना सद्भावनेने जनावर मारले गेले तर १९७२ चा वन्यजीव कायदा त्याला गुन्हा मानत नाही, पण त्या तरतुदीचा आधार घेण्याची वेळ येईपर्यंत माणूस वाचला पाहिजे. जंगलात घोळक्याने जाणे, आवाज करीत राहणे आणि पहाट-संध्याकाळ टाळणे हेच उपयोगी आहे. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीचा परवाना वेगळ्या नमुन्यात मिळतो आणि त्यासाठीचे शस्त्रही वेगळे असते. स्वसंरक्षणाचे रिव्हॉल्वर त्या कामाला लावू नये.

परवान्याच्या हद्दीकडे आपल्या भागात विशेष लक्ष द्यावे लागते. वरूडचा संत्रा व्यापारी पांढुर्ण्याला जातो, पाटणबोरीचा कापूस व्यापारी पैनगंगा ओलांडून आदिलाबादला जातो, आणि रोजच्या सवयीत राज्याची सीमा ओलांडल्याचे ध्यानात राहत नाही. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर पुलापलीकडे तेच शस्त्र बेकायदा ठरते. अशांनी हद्द वाढवून घेण्याचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात आधीच करावा. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश निघाला तर पोलीस ठाण्यातून पोच घेतल्याशिवाय ते सोपवू नये.

वापराविषयीचा कायदाही शस्त्र निवडतानाच समजून घ्यावा. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत खाजगी बचावाचा हक्क कलम ३४ पासून पुढे दिलेला आहे. बचावासाठी आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. पैशाच्या पिशवीसाठी शिवारातल्या अंधारात धावत्या माणसावर गोळी झाडणे आणि गळ्यावर विळा ठेवलेला असताना गोळी झाडणे, यांत न्यायालय फरक करते आणि तो करायलाच हवा. रक्कम परत मिळवता येते. मी स्वतः सोबतच्या माणसांना हेच सांगून ठेवले आहे की पिशवी मागितली तर द्यावी.

सरावाशिवाय यातले काहीच उपयोगाचे नाही. अधिकृत रेंज खेड्याजवळ नसते, आणि शेतात झाडाला बाटली टांगून गोळ्या झाडणे बेकायदा तर आहेच, शिवाय बांधापलीकडे कोण वेचणीला वाकले आहे हे दिसत नाही. वर्षातून काही वेळा शहरातील रेंजवर जाऊन प्रशिक्षकासमोर सराव करावा, आणि कानाला संरक्षण लावूनच करावा, कारण आखूड नळीचा आवाज जास्त कठोर असतो. एरवी घरी, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलुपात ठेवून, डमी काडतुसांवर चाप ओढण्याचा सराव करावा. माशी न हलता चाप सुटू लागला की वर सांगितलेला हलकेपणाचा दोष बहुतांशी नाहीसा होतो.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विदर्भातील गावांत नापिकी आणि कर्ज यांमुळे खचलेल्या माणसांनी काय करून घेतले आहे, हे आपण सर्वांनी जवळून पाहिले आहे. घरात कोणी खिन्न असेल, दारूच्या आहारी गेला असेल किंवा घरात वारंवार भांडणे होत असतील, तर त्या घरात रिव्हॉल्वर आणूच नये. ते आधीच असेल तर परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात ते जमा करता येते. कायद्यात तशी सोय आहे आणि त्यात कोणतीही बदनामी नाही. लहान व हलके शस्त्र लपवायला सोपे असते, तसेच ते मुलांच्या हातात यायलाही सोपे असते. उशीखाली, कपाटात साड्यांच्या घडीत किंवा देवघरात ते ठेवण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. भिंतीला पक्के बसवलेले लहान लोखंडी लॉकर, काडतुसांसाठी वेगळे कुलूप, आणि दोन्ही किल्ल्या परवानाधारकाच्याच अंगावर, एवढी व्यवस्था होईपर्यंत खरेदी पुढे ढकलावी.

खरेदी कानपूरहून थेट करता येते किंवा अधिकृत विक्रेत्याकडून. विक्रेत्याकडचा दर थोडा अधिक पडला तरी मी तोच मार्ग सुचवितो, कारण तेथे दोन-तीन नग हातात घेऊन चाप तपासता येतो. किंमत विचारताना करासह विचारावी. या वस्तूवरचा कर जड आहे आणि तो शेवटी कळला तर हिशेब बिघडतो. होल्स्टर, रुंद पट्टा, डमी काडतुसे, साफसफाईचे साहित्य, लॉकर आणि रेंजवरच्या सरावाची फी यांसाठी रिव्हॉल्वरखेरीज वेगळी रक्कम बाजूला ठेवावी. रोज उन्हातान्हात मोटारसायकलवर फिरणाऱ्याने, बोट चापावर नीट पोहोचत असेल तर, निर्भीक घ्यावे. चारचाकीने फिरणाऱ्याने, किंवा ज्याचे अंग आणि पट्टा वजन पेलू शकतो त्याने, प्रबल घ्यावे. ज्याच्या घरी वडिलांकडून आलेले कानपूरचे जुने बत्तीस बोअर सुस्थितीत आहे, त्याने ते जाणत्या परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावे, कडी आणि चापाचे स्प्रिंग बदलून घ्यावेत, परवान्यावर आपल्या नावे रीतसर नोंद करून घ्यावी, आणि नव्या रिव्हॉल्वरचे पैसे लॉकर व सरावावर खर्च करावेत.